आसनावरचा काटा

एका जंगलात एक साळू राहत असे. राहत असे म्हणजे काय, बिचारी निम्मं वर्ष परीक्षेच्या तयारीत असे आणि उरलेलं निम्मं निकालाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली असे. राहायला तिला सवड कुठे होती? बाळांनो, साळू म्हणजे साळिंदर. अंगभर काटे, पण स्वभावाने गरीब. तिचा बाप डोंगरउतारावरचे कंद उकरून आणी. येणारेजाणारे प्राणी ते कंद उचलत आणि "बघू हं नंतर" म्हणून चालू पडत. बापाला काही मागता येत नसे. साळूच्या मनात होतं, आपण व्यापार शिकावा, म्हणजे बापाच्या घामाचे कंद असे फुकापासरी जाणार नाहीत. एवढीच तिची इच्छा. फार मोठी नव्हती, पण पुरी व्हायला तयार नव्हती.

जंगलात व्यापार शिकवणाऱ्या चार शाळा होत्या. सगळ्यांत नावाजलेली डोंगरमाथ्यावर. तिच्या खालोखाल तळ्याकाठची. मग जुन्या वडाखालची, जिथं कंदमुळांचा व्यापार शिकवत; साळूचा जीव अडकला होता तो तिथं. आणि सगळ्यांत धाकटी बाभळीखालची, तिथं फक्त मधाचा व्यापार. प्रवेश परीक्षा मात्र चारही शाळांची मिळून एकच. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण नंतर कोणीतरी हात वर करून विचारणार आणि माझा सूर तुटणार.

तर निवड व्हायची ती तीन चाळण्यांतून. पहिली चाळणी लेखी. प्रश्न ढीगभर आणि वेळ चिमूटभर. चुकीचं उत्तर दिलं की मिळवलेले गुणही कापत. म्हणून परीक्षेची शिकवणी घेणारा पोपट पहिल्याच दिवशी सांगे, "सोडवायला काय, कोणीही शिकेल. सोडून काय द्यायचं ते शिका." आणि गंमत तर पुढेच आहे. तुला किती गुण मिळाले, हे कोणी विचारतच नसे. तुझ्या मागे किती जण राहिले, ते विचारत. म्हणजे आपण नुसतं पळून भागत नाही, दुसरा मागे पडावा लागतो. असो. ही पद्धत मी नाही काढली.

दुसरी चाळणी गटचर्चेची. आठदहा प्राण्यांना एका खडकाभोवती बसवून विषय देत. त्या वर्षी विषय होता, 'ऊन हिताचं की सावली?' सगळे पोपटाच्याच हाताखालचे. त्यामुळे कोल्हा उठून म्हणाला, "मित्रांनो, या विषयाला दोन बाजू आहेत." माकड म्हणालं, "मित्रांनो, या विषयाला दोन बाजू आहेत." मग रानडुक्करही तेच म्हणालं आणि जो तो दुसऱ्याच्या आवाजावर आपला आवाज चढवू लागला. ऊन गेलं आणि सावलीही गेली, उरली ती नुसती बोंबाबोंब! साळूला इतका वैताग आला की तिचे काटे आपोआप उभे राहिले. शेजारचे चटकन दोन हात मागे सरले, आणि त्या गप्पगार क्षणात तिला बोलायला मिळालं. ती म्हणाली, "ज्याला जे मिळत नाही ते त्याच्या हिताचं." बस्स. तिच्या आयुष्यात तोवर काट्यांचा तेवढा एकच उपयोग झाला होता.

तिसरी चाळणी मुलाखतीची. वडाच्या शाळेचा मुख्य होता एक म्हातारा हत्ती. सकाळपासून तीच ती उत्तरं ऐकून त्याचे कान लोंबायला लागले होते. "मला नेतृत्वाची आवड आहे," असं त्या दिवशी त्याला गोगलगायीनेही सांगितलं होतं. साळूला पाहून तो म्हणाला, "तू गेल्या वर्षीही आली होतीस. त्याच्या आदल्या वर्षीही. थकली नाहीस?"

पोपटाने शिकवलेलं उत्तर साळूला तोंडपाठ होतं. अपयश ही यशाची पहिली पायरी, वगैरे. ते तोंडापर्यंत आलंही. पण ती म्हणाली, "थकले, आजोबा. बापाला शब्द दिलाय, हे शेवटचं वर्ष. यंदा नाही झालं तर मी त्याच्याबरोबर कंद उकरायला लागणार आहे." हत्तीने सोंड हलवली. चांगलं म्हणून हलवली की वाईट म्हणून, ते काही तिला कळलं नाही.

निकाल लागला. वडाच्या शाळेत साळूचं नाव प्रतीक्षेत आलं. प्रतीक्षेत पहिलं! म्हणजे आत नाही आणि बाहेरही नाही. दाराच्या उंबऱ्यावर उभं करून ठेवल्यावर माणूस जसा होतो तशी ती झाली. आतल्या एकाने जागा सोडली की ती आत. बाभळीच्या शाळेत मात्र तिला सरळ जागा मिळाली होती. मधाचं तिला काय? मध तिच्या काट्यांना चिकटतो म्हणून ती पोळ्याच्या वाऱ्यालाही उभी राहत नसे. पण पोपटाने बजावलं, "वेडी आहेस का? हातात एक असावी. बसायचं असो नसो, धरून ठेवायची."

जागा धरायची रीत अशी होती. शाळेतल्या आपल्या आसनावर आपली एक खूण ठेवायची. कोणी पीस ठेवी, कोणी केसांचा झुबका. जागा नको असली तर स्वतः जाऊन आपली खूण आपल्या हातानं उचलायची. दुसऱ्या कोणी तिला हात लावायचा नाही. पौर्णिमेचा सूर्य मावळला की चारही शाळांची फाटकं बंद होत. मग ज्या आसनावर ज्याची खूण, ते वर्षभर त्याचं, तो येवो न येवो. साळूने बाभळीच्या आसनावर आपला एक काटा ठेवला आणि ती घरी येऊन वडाच्या वाटेकडे बघत बसली.

दिवस चालले होते. वडाकडून बोलावणं काही येईना. पौर्णिमा उद्यावर आली, तेव्हा तिला राहवेना आणि ती चौकशीला निघाली. वडाखालच्या एका आसनावर कोल्ह्याच्या केसांचा झुबका होता, आणि कोल्ह्याला वडाची शाळा मनातून नको आहे, असं सगळं जंगल म्हणत होतं.

कोल्हा करवंदीच्या जाळीत पाय पसरून पडला होता. साळूने विचारलं, "कोल्हेदादा, तुमचं काय ठरलं?"

"माझं काय ठरायचंय?" कोल्हा जांभई देत म्हणाला. "मी तळ्याच्या शाळेत प्रतीक्षेत पहिला. तिथली एक जागा रिकामी झाली की मी तिकडे पळालो, आणि वडाची जागा तुझी. पण तोवर हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे कोण लागेल? मी तरी काय करू बाई, वरचा हलला की मी हलतो."

"तळ्याची जागा कोणी अडवलीय?"

"सशाने. आणि त्याला डोंगराच्या शाळेतही मिळालीय. दोन ठिकाणी खूण ठेवून बसलाय पठ्ठ्या."

साळू सशाच्या बिळाकडे गेली. ससा कोवळं गवत चघळत कोपऱ्यात बसला होता. बोलायचं काम त्याची आई करत होती. साळूला पाहताच ससीण म्हणाली, "ये गं ये! ऐकलंस ना? आमचा बाळ दोन ठिकाणी लागला! डोंगरालाही आणि तळ्यालाही."

"ऐकलं, काकू. फार आनंद झाला. आता जाणार कुठल्या शाळेत?"

"हे काय विचारणं झालं? डोंगरावरच. ते सोडून तळ्याच्या चिखलात कोण जातंय?"

"मग काकू, तळ्याच्या आसनावरची खूण उचलली तर... तिथं कोल्हेदादा जातील, आणि वडाची जागा मला मिळेल. माझं शेवटचं वर्ष आहे हो."

ससीण हसली. वाईट हसली नाही, आपली सहजच हसली. तीच तर पंचाईत असते. म्हणाली, "उचलेल गं, पळून का जातेय ती? उद्या याचे मामा यायचेत. त्यांचा मुलगा एका ठिकाणी लागला तर केवढा मिरवला होता त्यांनी! त्यांना एकदा सांगून होऊ दे, दोन ठिकाणी लागला म्हणून. एक खूण काढली तर मी काय सांगू?"

कोपऱ्यातून ससा हळूच म्हणाला, "आई, मी पटकन जाऊन उचलून आणू का?"

"तू गप रे! मोठ्यांत बोलू नये."

सशाचे कान खाली पडले. साळूने एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग "येते काकू" म्हणून निघाली. तुम्ही म्हणाल, भांडली का नाही? अरे, तीन वर्षं परीक्षा दिलेल्यांच्या अंगात भांडायला त्राण उरतं का? तिला फक्त घरी जाऊन आडवं व्हायचं होतं.

पण घरीही चैन नव्हतं. तिच्या बिळापुढच्या टेंभुर्णीखाली एक अस्वलीण बसली होती. चांगली थोराड, पण अंग चोरून बसलेली, जशी काही त्या झाडाची सावली मागून आणलेली आहे. साळूला बघून ती धडपडत उठली.

"साळूताई, मी सकाळपासून बसलेय. बाभळीच्या शाळेत मी प्रतीक्षेत पहिली. तिथं तुझा काटा आहे ना, म्हणून आले. आमच्यात सगळ्यांना पोळं फोडून खाता येतं, विकता कोणाला येत नाही. मला शिकायचंय गं. तुझं काय ठरलं?"

साळूचे पाय दुखत होते आणि डोकंही दुखत होतं. ती म्हणाली, "माझं काय ठरायचंय? मी तरी काय करू बाई, वरचा हलला की मी हलते."

बोलली आणि तिचं तिलाच ऐकू आलं. हे शब्द तिने थोड्याच वेळापूर्वी करवंदीच्या जाळीत ऐकले होते. अगदी हेच, अशाच आवाजात.

अस्वलीण रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, साळूला उलट बोलता आलं असतं. ती "बरं" म्हणाली आणि पुन्हा झाडाखाली बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "एक विचारू? वडाचं नाहीच झालं, तर तू मधाचं शिकणार आहेस का?"

साळू पायाची माती झटकू लागली. तेवढ्यात बिळातून तिच्या बापाचा आवाज आला. हा बाप दिवसाकाठी चार शब्द बोलला तरी खूप. तो म्हणाला, "सांग की तिला."

"बाबा, तुम्ही मध्ये पडू नका," साळू चिडून म्हणाली. "मी ती जागा सोडली आणि वडाचंही झालं नाही, तर माझ्या हातात काय राहील?"

"आत्ता काय आहे?" बाप म्हणाला. "मध?"

साळूला हसू आलं आणि रडूही आलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच दोन्ही एकदम आलं. तिने अस्वलिणीकडे वळून सांगितलं, "नाही. मी मध शिकणार नाहीये. कधीच शिकणार नव्हते."

"मग?" अस्वलीण म्हणाली. एवढंच म्हणाली.

पोपटाने साळूला कितीतरी गोष्टी सोडायला शिकवल्या होत्या. अवघड गणित सोड, लांबलचक उतारा सोड, शंका आली की तो प्रश्नच सोड. नको असलेली जागा सोडायला मात्र त्याने कधी शिकवलं नव्हतं. ते काही परीक्षेत येत नाही ना! पौर्णिमेच्या सकाळी साळू बाभळीखाली गेली आणि आसनावरचा आपला काटा तिने आपल्या हातानं उचलला. अस्वलिणीने लगेच आपल्या केसांचा झुबका तिथं ठेवला, आणि खूण ठेवून भागेना म्हणून स्वतःच त्या आसनावर बसून पाहिलं. मग ती ओक्साबोक्शी रडू लागली. साळू म्हणाली, "अगं, रडतेस काय? मिळालं ना तुला?" आणि तिथून ती सरळ वडाच्या फाटकाशी येऊन उभी राहिली.

दिवसभर ती तिथं होती. कोल्ह्याच्या केसांचा झुबका आसनावर तसाच होता. ऊन कललं. तळ्याकडच्या वाटेवर धूळ उडाली की ती मान वर करी. पण गुरं असायची, नाहीतर वारा. शेवटी सूर्य टेकला आणि मावळला. हत्तीने फाटक ओढून घेतलं, आणि कडी लावता लावता तो थांबला.

"बाभळीची तरी ठेवलीस ना?" त्याने विचारलं.

"नाही, आजोबा. सकाळीच सोडली. तिथं एक जण खोळंबली होती."

हत्तीने कडी सोंडेतच धरून ठेवली. म्हणाला, "तीन तीन चाळण्या लावतो आम्ही, पोरी. कोण किती भरभर सोडवतं, कोण किती मोठ्याने बोलतं, सगळं चाळून बघतो. कोणाला आसनावरून वेळेवर उठता येतं, ते बघायची चाळणी आमच्याकडे नाही." आणि एवढं बोलून त्याने कडी लावली. नियम म्हणजे नियम. त्यालाही घरी जायचं होतं.

तुम्हांला वाटत असेल, आता काहीतरी चमत्कार होणार. हत्ती धावत येणार, फाटक उघडणार. नाही हो बाळांनो. दुसऱ्या दिवशी साळू बापाबरोबर उतारावर कंद उकरत होती. दिलेला शब्द तिने पाळला. कोल्हा वडाखाली जाऊन बसला, पण त्याचं सगळं चित्त तळ्याकडे. आणि तळ्याकाठी एक आसन रिकामंच राहिलं, त्यावर सशाच्या पांढऱ्या केसांचा झुबका.

दुपारी ससा उतारावर आला. धावत आला होता, धापा टाकत होता. त्याने मूठ उघडून दाखवली. मुठीत तोच पांढरा झुबका होता.

"साळूताई, मी खूण उचलली."

साळूने हातातला कंद खाली ठेवला. "कधी?"

"आज. काल मामा आले होते. आई त्यांना सांगत होती आणि मला बाहेर पडू देईना. आज पहाटे मामा गेले आणि मी तळ्यावर पळालो. तिथल्या फाटकावरचं कासव म्हणालं, काल मावळतीच्या आत आला असतास तर कोल्हा तुझ्या जागी आला असता, आणि ती साळू वडाखाली बसली असती. आता ही जागा वर्षभर कोणाचीच नाही."

साळूचे काटे सरसरून उभे राहिले. ससा मागे सरला नाही. मान खाली घालून तिथंच उभा राहिला. हळूहळू काटे खाली बसले.

"बस," साळू म्हणाली. "लांबून आलायस. कंद खा."

ससा बसला. त्याने कंदाचा एक तुकडा तोंडात घातला आणि विचारलं, "तुझी ती बाभळीची जागा तरी हातात आहे ना?"

"नाही. काल उचलली खूण."

"का गं?"

"मला मध शिकायचा नव्हता."

सशाने मुठीतल्या झुबक्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "तळं तर मलाही नको होतं."

"हं," साळू म्हणाली. "आणि ते तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं ना?"

सशाने झुबका मुठीत घट्ट आवळला. साळू पुन्हा उकरायला लागली, आणि तिचा बाप थोडा बाजूला सरकून तिला जागा करून देत म्हणाला, "इथं माती मऊ आहे. इथं ये."

तात्पर्य : जिथं आपल्याला बसायचंच नाही, तिथली आपली खूण आजच उचलावी, उद्या उचललेली खूण आपल्याच मुठीत राहते, दुसऱ्या कोणाच्याही कामी येत नाही.